शाब्दिक गणितात जे लिहिलेलंच नसतं ते कसं वाचायचं

आधी माझी फजिती सांगतो. एका सराव परीक्षेत प्रश्न होता: एक नळ रिकामी टाकी ६ तासांत भरतो, तळाच्या भोकातून भरलेली टाकी ८ तासांत रिकामी होते, दोन्ही एकदम चालू असतील तर टाकी किती वेळात भरेल? सरळ आहे, १/६ वजा १/८ म्हणजे १/२४, उत्तर २४ तास. पण मला तेव्हा फिजिक्सचं नवं नवं वेड होतं, त्यामुळे मी विचार केला की भोकातून पाणी काय कायम एकाच वेगाने थोडंच पडतं, वर पाणी जास्त असेल तर जोरात पडतं आणि कमी असेल तर हळू. मग मी पाच मिनिटं घालवून हिशोब केला आणि निघालं असं की उभ्या भिंतींच्या टाकीत पाणी उंचीच्या ४/९ भागापर्यंत चढतं आणि तिथंच अडकतं, कारण त्या उंचीला जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. पर्यायांत ‘टाकी कधीच भरणार नाही’ हे होतंच. टिकमार्क केलं, गेला मार्क, वर निगेटिव्ह.

गंमत म्हणजे माझं फिजिक्स बरोबर होतं, ते आजही बरोबर आहे. फक्त पेपर काढणाऱ्याने मनात एक वाक्य धरलं होतं, ‘भोकाचा वेग कायम सारखा’, ते त्याने लिहिलं नाही आणि मी ते वाचलं नाही. शाब्दिक उदाहरणात मार्क जातात ते असे. आकडेमोड चुकते त्यापेक्षा हे न लिहिलेलं वाक्य चुकतं म्हणून जास्त जातात, निदान माझे तरी. तर ते वाक्य कसं शोधायचं, आणि सापडलं तर त्याचं काय करायचं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक प्रश्नात अशी दहा वाक्यं असतात आणि त्यातली नऊ सोडून द्यायची असतात. ६ माणसं एक भिंत १० दिवसांत बांधतात तर १५ माणसं किती दिवसांत? इथे सगळे सारख्या वेगाने काम करतात, कुणी आजारी पडत नाही, एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत, दिवस सगळे सारखे, हे सगळं न सांगता धरलंय. काळ-काम-वेगाची सगळी दुनियाच अशी आहे, तिथं कुणी दमत नाही. ४ दिवस लिहा आणि पुढे चला, शंका काढत बसू नका. पण त्याच साच्यात ‘एका माणसाला गाडीने पोचायला ३ तास लागतात तर त्याच गाडीतून ३ माणसांना किती?’ असं आलं तर तोच साचा लावून १ तास लिहिणारे महाभागही मी पाहिलेत. तेव्हा विचारायचं ते एवढंच: हे गृहीत मी उलटं केलं तर उत्तर बदलतं का, आणि बदललेलं उत्तर पर्यायांत आहे का? दोन्हीला ‘हो’ असेल तरच थांबायचं, नाहीतर वेळ घालवायचा नाही. टाकीच्या प्रश्नात दोन्हीला ‘हो’ होतं, मान्य, पण तिथं अजून एक गोष्ट बघायला हवी होती ती मी बघितली नाही: माझ्या उत्तरासाठी जे ज्ञान लागलं ते या पेपरच्या अभ्यासक्रमात होतं का? नव्हतं. अंकगणिताच्या पेपरला फिजिक्स लावायचं नाही, बास.

आता थांबायचं कुठे ते बघू. माझ्या मते निम्म्याहून जास्त घोळ आपल्या भाषेतल्या बारक्या शब्दांत असतो, ने, ला, ची, च्या, पेक्षा, पट, उरलेल्या. मी पेन्सिलने आकड्यांना गोल करायचं सोडलं आणि या शब्दांना करायला लागलो तेव्हापासून फरक पडला.

‘संख्येच्या दुपटीत ५ मिळवले’ आणि ‘संख्येत ५ मिळवून दुप्पट केली’ हे तर कळतं, पण ‘संख्या आणि ५ यांची दुप्पट’ म्हटलं की बेरजेची दुप्पट की दोघांची वेगवेगळी? नशिबाने उत्तर तेच येतं. पण ‘संख्या आणि ५ यांचा वर्ग’ म्हटलं की येत नाही. संख्या ३ धरा, बेरजेचा वर्ग ६४, वर्गांची बेरीज ३४. अशा वेळी मी छोटा आकडा टाकून दोन्ही वाचनं कडेला करून बघतो, दहा सेकंदांचं काम आहे.

‘पट’ हा तर पक्का चोर आहे. किंमत तिप्पट झाली म्हणजे ५० ची १५० झाली, यात वाद नाही. पण किंमत ‘तीन पटीने वाढली’ तर? वाढ तीन पट, म्हणजे ५० मध्ये १५० मिळवून २००, असं शब्दशः वाचता येतं, आणि बोलताना आपण त्याच वाक्याने १५० सुद्धा म्हणतो. पर्यायांत दोन्हींपैकी एकच असेल तर प्रश्नच मिटला. दोन्ही असतील तर त्याच पेपरात इतरत्र त्याने ‘पट’ कसं वापरलंय ते बघा, एक सेटर, म्हणजे पेपर काढणारा, सहसा एकाच पद्धतीने लिहितो. ते पण नसेल तर मी १५० कडे झुकतो, कारण बहुतेक लिहिणारे तेवढंच म्हणत असतात असा माझा अनुभव आहे, पण हा अंदाज आहे, नियम नाही.

तसंच ‘ने’ आणि ‘वर’. प्रमाण २० टक्क्यांनी घटलं आणि २० टक्क्यांवर आलं, एका प्रत्ययाचा फरक आणि उत्तर कुठच्या कुठे. आणि प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं तर वाढ किती? १० टक्के म्हणणारा टक्क्यांची नुसती वजाबाकी करतोय, २५ टक्के म्हणणारा मूळच्या ४० वर मोजतोय. परीक्षेत ‘शेकडा वाढ किती’ विचारलं की मूळावर मोजायचं, म्हणजे २५. टक्क्याला नेहमी विचारायचं, कशाचे टक्के? नफा-तोटा काही न सांगता दिला तर खरेदी किमतीवर, सूट छापील किमतीवर, हे दोन संकेत तर तोंडपाठच पाहिजेत. अ पेक्षा ब २० टक्के जास्त असेल तर ब पेक्षा अ २० टक्के कमी नसतो, १६.६७ असतो, कारण ‘पेक्षा’ ज्याला चिकटलाय तो पाया आणि तो आता बदललाय.

‘उरलेल्या’ हा शब्द आहे का नाही हे दोनदा बघा. पुस्तकाचा १/३ भाग सोमवारी वाचला, मंगळवारी १/४ वाचला, किती राहिलं? ५/१२. मंगळवारी ‘उरलेल्याचा’ १/४ वाचला तर १/२ राहिलं. पर्यायांत दोन्ही असणारच, हा सापळा मुद्दाम लावलेला असतो आणि त्याला मी संदिग्ध म्हणणार नाही, तो प्रामाणिक सापळा आहे, शब्द आहे किंवा नाही.

दिवसांचं मात्र खरंच अवघड आहे कारण आपली बोली गणिताला जुमानत नाही. आपण म्हणतो आठ दिवसांनी भेटू, म्हणजे सोमवारी बोललो तर पुढच्या सोमवारी, जे खरं तर सात दिवसांनी असतं. पेपरात ‘आज सोमवार, ८ दिवसांनी कोणता वार’ आलं की मंगळवार, तिथं बोली बाजूला ठेवायची. ‘एक दिवसाआड’ म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार, यात शंका नाही, पण ‘दर दोन दिवसांनी’ म्हटलं की काहीजण सोम-बुध वाचतात आणि काहीजण मध्ये दोन दिवस सोडून सोम-गुरु. गणितात दर दोन दिवसांनी म्हणजे २ मिळवत जायचं. आणि पान १५ ते पान ४० वाचलं तर पानं २६, २५ नाही, कारण ‘ते’ मध्ये दोन्ही टोकं धरतात. पण ‘१५ आणि ४० च्या दरम्यानच्या संख्या’ म्हटलं की सहसा टोकं सोडतात, तेव्हा २४. झाडांचं उदाहरण याचाच भाऊ आहे, १०० मीटर रस्ता, दर १० मीटरला झाड, दोन्ही टोकांना झाड असेल तर ११, एकाच टोकाला असेल तर १०, कुठल्याच टोकाला नसेल तर ९, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हटलं असेल तर सगळ्याची दुप्पट. मैदान गोल असेल तर १०, तिथं टोकच नाही. इथं एक चित्र काढा, अर्ध्या मिनिटात होतं, डोक्यात करायला गेलात की फसलात.

निवडी आणि संभाव्यता हा दुसरा श्रीमंत इलाका. ०, १, २, ३, ४ हे अंक वापरून तीन अंकी संख्या किती? अंक पुन्हा वापरायचे नसतील तर ४ गुणिले ४ गुणिले ३ म्हणजे ४८, चालत असतील तर ४ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे १००, आणि पहिल्या जागी शून्य नको हे विसरलात तर ६०. पर्यायांत तिन्ही असतील बघा. यातलं ६० हा सापळा आहे पण ४८ की १०० ही खरी संदिग्धता आहे, प्रश्नात पुनरावृत्तीबद्दल एक शब्द नसेल तर. फरक लक्षात घ्या, सापळ्यात एक वाचन चुकीचं असतं, संदिग्धतेत दोन्ही बरोबर असतात. पिशवीतून गोळ्या काढायचं तसंच, ५ लाल ३ निळ्या, एकामागून एक दोन काढल्या, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता? परत टाकली नाही तर ५/१४, टाकली तर २५/६४. परत टाकल्याचं लिहिलेलं नसेल तर टाकायची नाही, कारण टाकणं ही एक कृती आहे आणि कृती झाली असती तर सांगितली असती. हा युक्तिवाद बऱ्याच ठिकाणी कामाला येतो.

सगळीकडे नाही येत पण. ‘एका घरात दोन मुलं आहेत, त्यातला निदान एक मुलगा आहे, दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती’ हे गणिती कोड्यांचा अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनरने १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात छापलं, उत्तर १/३ दिलं, आणि नंतर त्यालाच मान्य करावं लागलं की प्रश्न अर्धवट आहे, ‘निदान एक मुलगा’ ही माहिती आपल्याला कशी मिळाली त्यावर उत्तर १/३ किंवा १/२ होतं. तुमच्या पेपरात हे आलं तर १/३ लिहा, साच्यातलं उत्तर तेच आहे, आणि वाद घरी घाला.

आता उलटा रोग. न लिहिलेलं शोधता शोधता लिहिलेलं विसरायचं. अमेरिकेत १९८३ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिक न्यायचेत, बस किती लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१ बाकी १२’, १८ टक्क्यांनी ३१, आणि ३२ लिहिणारे फक्त २३ टक्के. बाकी १२ बस म्हणजे काय हो? ते १२ सैनिक उभे राहिलेत रस्त्यावर. म्हणून गणित सोडवायच्या आधी शेवटची ओळ वाचायची आणि उत्तर कसलं असणार ते कडेला लिहायचं, ‘बस, पूर्ण आकडा, वरचा’. उलट ११२८ मीटर दोरीचे ३६ मीटरचे पूर्ण तुकडे किती म्हटलं तर खालचा आकडा, ३१. भागाकार तोच.

याहून मजेशीर फ्रान्समधलं आहे. १९८० च्या सुमाराला ग्रेनोबलच्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं, एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी आकडे वापरून काहीतरी उत्तर काढलंच. हसू नका, आपण पण तेच करतो, फक्त आपल्या पेपरात मेंढ्यांच्या जागी व्याजदर असतो. तेव्हा ‘दिलेली माहिती अपुरी’ हा पर्याय असेल तर तो भरतीचा समजू नका. मी तिथं एक गोष्ट करतो: दिलेल्या अटी पाळणारी दोन वेगवेगळी उदाहरणं बनवून बघतो. दोन्हीत उत्तर वेगळं आलं तर माहिती अपुरी, संपलं. पण याच पर्यायामुळे माणूस बिथरतो पण, ‘माणसं सारख्या वेगाने काम करतात असं लिहिलं नाही म्हणून माहिती अपुरी’ असलं काही करू नका, ते सुरुवातीला सांगितलेल्या, सोडून द्यायच्या नऊ वाक्यांतलं आहे.

आकृत्यांबद्दल थोडक्यात. पेपरच्या सूचना वाचा, खरंच वाचा. जीआरईसारख्या (परदेशी पदव्युत्तर प्रवेशाच्या) परीक्षेत स्पष्ट लिहिलेलं असतं की भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही, पण आलेख प्रमाणात असतात. म्हणजे कोन काटकोनासारखा दिसतोय म्हणून काटकोन धरायचा नाही, पण सरळ दिसणारी रेषा सरळच. आणि ‘आकृतीत आयत किती’ म्हटलं की चौरस पण मोजायचे, चौरस हा आयतच आहे. ८ बाय ८ च्या पटावर १२९६ आयत आहेत, त्यातले २०४ चौरस. वगळायचे असतील तर सेटरने ‘चौरस नसलेले’ असं म्हणायला हवं.

आणि ते ८÷२(२+२) वालं, जे २०१९ मध्ये सगळीकडे फिरत होतं, १६ का १, त्यावर मी भांडत नाही. चांगल्या पेपरात कंस व्यवस्थित दिलेले असतात. आलंच तर डावीकडून उजवीकडे, १६.

पेपरात प्रत्यक्ष अडकलात तर मी करतो ते असं. दोन्ही वाचनांची उत्तरं काढतो, एकच पर्यायांत असेल तर तेच, मनात किंतु ठेवत नाही. दोन्ही असतील तर बघतो की कोणत्या वाचनात दिलेली सगळी माहिती वापरली जाते, कारण सेटर सहसा आकडा उगाच देत नाही. नावेचा वेग ताशी १२, प्रवाहाचा ताशी ३, प्रवाहाच्या दिशेने ४५ किलोमीटर जायला किती वेळ? १२ हा संथ पाण्यातला धरला तर ३ तास, प्रवाहासकटचा धरला तर पावणेचार, पण मग ते ३ दिलं कशाला? म्हणून ३ तास. पेपर दोन भाषांत असेल तर दुसऱ्या भाषेतला प्रश्न वाचा, भाषांतरात हरवलेला शब्द तिथं बऱ्याचदा सापडतो. तरीही नाही सुटलं तर एक टिक करून प्रश्नावर खूण करा आणि निघा, दीड मिनिटाच्या वर एक सेकंद नाही. आणि घरी येऊन त्यावर हरकत घ्या, उत्तरतालिका आली की लगेच, मुदत कमी असते.

हरकत लिहिण्याची पण रीत आहे. ‘प्रश्न चुकीचा आहे, गुण मिळावेत’ असं लिहिणाऱ्यांकडे कोण बघणार. प्रश्न क्रमांक, संच क्रमांक, मग संदिग्ध शब्द जसाच्या तसा, मग वाचन पहिलं आणि त्याचं उत्तर, वाचन दुसरं आणि त्याचं उत्तर, आणि दुसरं वाचन अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कुठे मान्य आहे तो पानाचा दाखला. अर्ध्या पानात. चिडचिड नाही.

असं लिहून खरंच काही होतं का? अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी असलेल्या सॅटच्या १ मे १९८२ च्या परीक्षेत प्रश्न होता, लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, लहान वर्तुळ मोठ्याच्या बाहेरून कडेकडेने घरंगळत मूळ जागी आलं तर त्याचे किती फेरे झाले? परिघ तिप्पट म्हणून तालिकेत ३. प्रत्यक्षात ४ होतात, कारण घरंगळण्याचे ३ आणि मोठ्याभोवती गोल फिरल्याचा एक जादा. खोटं वाटत असेल तर दोन सारखी नाणी घ्या, एक दाबून धरा आणि दुसरं त्याच्याभोवती फिरवा, एक फेरा होईल असं वाटतं पण अर्ध्या वाटेवरच नाण्यावरचं चित्र पुन्हा सरळ उभं दिसतं. ४ हे उत्तर पर्यायांत नव्हतंच. त्यातून फेरा म्हणजे नक्की काय, आपल्याकडे भूगोलात परिवलन आणि परिभ्रमण असे दोन शब्द आहेत, स्वतःभोवती आणि दुसऱ्याभोवती, आणि परिभ्रमण म्हटलं तर उत्तर सरळ १ येतं. म्हणजे एका शब्दावर तीन उत्तरं. सुमारे ३ लाख विद्यार्थ्यांनी तो पेपर दिला होता, आणि चूक दाखवून लिहिलं ते तिघांनी. प्रश्न बाद झाला आणि सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले गेले.